आत्याच्या खोलीखालून

या घरात एक नियम आहे. भिंतीच्या पायथ्याशी बुजवलेल्या सहा झरोक्यांना हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. चपला दारात काढ, दार हळू लाव, हे ज्या सुरात मुलांना शिकवतात त्याच सुरात हाही शिकवला जातो. मुलं मोठी होतात, त्यांना चष्मे लागतात, पण त्या भिंतीकडे वळून कुणी बघत नाही.

ते सहा झरोके माझे होते. मी या घराच्या लाकडी जमिनीखालची पोकळी बोलतेय.

तुम्ही मला पाहिलेलं नसणार. उंची दीड हात, लांबी-रुंदी घराएवढी. खाली माती, वर फळ्या, मध्ये मी. घरात कपाटाला पुसतात, खिडकीला पडदा शिवतात, दिव्याचं बटण बिघडलं तर माणूस बोलावतात. माझ्यावरून नुसते चालतात. पण म्हणून मी चुकून राहून गेलेली जागा आहे असं समजू नका. मला मुद्दाम बांधलंय, आणि बांधणाऱ्याला मी कशासाठी हवी ते पक्कं ठाऊक होतं.

हे घर बांधलं तेव्हा आजोबा तरुण होते, पदरात एक लहान मुलगी होती, आणि स्वतःच्या घरात राहायला जायची त्यांना भारी घाई होती. जागा स्वस्तात मिळाली होती, कारण दोन हात खणलं की पाणी लागायचं. आजोबांचं म्हणणं, माती ठोकून त्यावर फळ्या टाका आणि मोकळे व्हा. गवंडी ऐकेना. किडकिडीत माणूस, कानामागे पेन्सिल, बोलायचा कमी.

"ही जमीन ओली आहे साहेब. बारा महिने तिच्यातून दमट हवा वर येत राहणार. फळ्या उचलून घेऊ."

"म्हणजे खाली रिकामी जागा ठेवायची? कशाला?"

"रिकामी कशी? तिथं वारा राहील."

त्याने विटांच्या बुटक्या भिंती उभ्या केल्या, त्यांवर तुळया टाकल्या, तुळयांवर फळ्या ठोकल्या. बाहेरच्या भिंतीत तीन झरोके एका बाजूला ठेवले, तीन समोरच्या बाजूला, आणि प्रत्येकाला लोखंडी जाळी बसवली. काम संपल्यावर त्याने एका झरोक्यापाशी बसून सिगारेट पेटवली आणि धूर आत सोडला. जरा वेळाने तो समोरच्या बाजूने बाहेर पडला. आजोबा पोट धरून हसले. "वा, माझं घर सिगारेट ओढायला लागलं," म्हणाले.

गवंडी हसला नाही. "यांच्यासमोर काही रचू नका," तो म्हणाला. "माणसाच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं होईल."

ते वाक्य मी ऐकलं. आजोबांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान डोलावलेली माझ्या पक्की लक्षात आहे.

पुढची कितीतरी वर्षं माझं छान चाललं. मातीतून ओल वर यायची, वारा एका बाजूने शिरायचा आणि तिला बखोटीला धरून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. मला काहीच करावं लागायचं नाही, फक्त मोकळं असायचं. फळ्या कोरड्या, तुळया ठणठणीत. मी घरातल्यांना पावलांवरून ओळखायला शिकले. आजोबांची पावलं टाच आपटून पडत. आजोबांच्या मुलाची, तो याच घरात जन्मला, पावलं नेहमी भिंतीच्या कडेकडेने जात, जणू मधून चालायला परवानगी लागते. आणि मोठ्या मुलीची पावलं एका जागी थांबून ताल धरत. ती मागच्या खोलीत शिवणयंत्र चालवायची.

तीच पुढे आत्या झाली. तिने लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. गावभरचे कोट, झगे, शाळेचे गणवेश तिच्या हाताखालून गेले. फळ्यांच्या फटींतून माझ्याकडे बटणं पडायची, सुया पडायच्या, खडूचे तुकडे पडायचे. वर बायका मापं द्यायच्या आणि श्वास आत ओढून पोट लपवायच्या. आत्या म्हणायची, "सोडा हो श्वास, कपड्याशी खोटं बोललात तर तो शिवण उसवून सांगतो." खोलीभर हशा व्हायचा. माणसाच्या शरीराची तिला कधी लाज वाटली नाही आणि दुसऱ्याला तिने वाटू दिली नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचं काय केलं गेलं ते सांगायचंय.

मग उंदीर आला. एका झरोक्याची जाळी गंजून फाटली होती. बदलायला दहा मिनिटं लागली असती. ती कुणी बदलली नाही, उंदीर आत शिरला आणि मधल्या खोलीखाली मरून पडला. त्याच आठवड्यात आजोबांच्या निवृत्तीनिमित्त त्यांच्या ऑफिसातली माणसं घरी जेवायला येणार होती. ती आली, नाकाला रुमाल लावून बसली आणि पानात वाढलेलं तसंच टाकून उठली. साहेबांनी तर दारातूनच निरोप घेतला.

आजोबांना तो अपमान सोसवला नाही. दुसऱ्याच दिवशी विटा आल्या, सिमेंट आलं. फाटलेला झरोका एक होता, बुजवले सहाच्या सहा. वर गिलावा, गिलाव्यावर रंग. पंधरा दिवसांत वास गेला.

आता ऐका. उंदीर वाळला म्हणून वास गेला. मेलेला उंदीर पंधरा-वीस दिवसांत वाळतोच, झरोके उघडे असते तर चार दिवस आधी वाळला असता. पण आजोबांनी हिशेब मांडला तो असा: झरोके बुजवले, वास गेला. म्हणजे वास झरोक्यांचा होता. त्या दिवशी नियम झाला आणि त्या नियमाला कुणी साधा एक प्रश्न विचारला नाही. मोठ्या माणसाचा उपाय एकदा लागू पडलेला दिसला की तो पुन्हा तपासून बघायचा असतो, हे या घराला सुचलंच नाही.

माती काही नियम पाळत नव्हती. ती दमट हवा सोडत राहिली आणि ती हवा माझ्यात कोंडत राहिली. पहिल्या वर्षी फळ्यांच्या पोटाला थेंब धरले. तिसऱ्या वर्षी तुळया काळ्या पडल्या. मग त्यांच्यावर पांढरे तंतू चढले, पिंजलेल्या कापसासारखे. मला वास येऊ लागला. ओल्या गोणपाटाचा, जुन्या रद्दीचा, आणि त्याखाली काहीतरी आंबट. मला माझीच शिसारी यायची. पण ज्यांना बाहेर जायला वाट नाही त्यांनी करायचं काय?

एकदा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. त्याची पावलं फळीवर पडली, थांबली, पुन्हा पडली. "काका, तुमची जमीन दबतेय," तो म्हणाला. "खाली हवा खेळत नाही वाटतं. बाहेर झरोके असतील तर..."

"तुम्हाला नळासाठी बोलावलंय," आजोबा म्हणाले. "जमिनीसाठी बोलवीन तेव्हा जमिनीवर बोला."

प्लंबर नळ बदलून गेला. तो गेल्यावर आजोबांचा मुलगा, आता त्याला घरात बाबा म्हणतात, एकटाच तिथे उभा राहिला. मी फटीतून बघत होते. त्याने पायाचा अंगठा फळीवर दाबला. फळी खाली गेली. त्याने अंगठा उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि कडेकडेने निघून गेला. त्याला कळलं होतं. मी तेवढ्यावर कितीतरी दिवस आशा लावून होते.

माझा वास सगळीकडे झिरपत होता, पण सगळ्यात जास्त मागच्या खोलीत. तिथली माती खोलगट, शेजारी न्हाणीघर. आणि त्याच सुमारास आत्या न्हाणीघरात पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, चार पायांचा वॉकर हाती आला. सुरुवातीच्या महिन्यात दोनदा तिला वेळेवर पोचता आलं नाही. दोनदा. पण तेवढं पुरलं. खोलीला वास का येतो याचं उत्तर घराला सापडलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि हीच या घराची सभ्यता. बाबांच्या बायकोने, तिला घरात आई म्हणतात, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या. बाबा दारात उभे राहून बोलू लागले, "ताई, काही हवंय का?", आणि उत्तर ऐकायच्या आत वळू लागले. आजोबा म्हणत, "खिडकी उघडी ठेवत जा गं." एक जुनी गिऱ्हाईक आली, दोन मिनिटं बसली आणि "कापड नंतर आणते" म्हणून कापडासकट परत गेली.

आत्या हुशार बाई. तिला सगळं कळायचं. ती स्वतःच्या बाहीला नाक लावून बघायची. मग चादर रोज धुवायला लागली, मग दिवसातून दोनदा. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने जमीन पुसायची, बादली उपडी करकरून. ते सगळं पाणी फटींतून माझ्याकडे यायचं. ती जितकं धुवायची तितकी मी ओली व्हायचे, मी जितकी ओली व्हायचे तितका वास वाढायचा, वास वाढला की ती पुन्हा बादली भरायची. मी खालून ओरडत होते, आत्या, अगं तू नाहीस, ही मी आहे. पण मला तोंड होतं ते सहा झरोक्यांचं, आणि त्यांच्यात विटा कोंबलेल्या होत्या.

या घरात एक मुलगी आहे. बाबांची लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दुपारी झोपायलाच हवं, याचा पुरावा तिने पाचव्या वर्षी मागितला होता, तेव्हापासून आत्या तिला वकीलबाई म्हणते आणि बाकीचे आगाऊ म्हणतात. त्या खोलीत पाय ठेवणारी ती एकटी उरली होती. जमिनीवर पालथी पडून वाचायची.

"आत्या, तू पाणी का पीत नाहीस?"

"तहान नाही."

"जीभ दाखव."

"वकीलबाई, डॉक्टर कधीपासून झालात?"

"दाखव म्हणते ना."

शिवणयंत्र थांबलं. "अगं, प्यायलं की जावं लागतं. आणि मग... उगीच कशाला."

"कुणी काही बोललं तुला?"

"कुणीच काही बोलत नाही," आत्या म्हणाली. "बोललं असतं तर भांडले तरी असते."

व्हायचं ते झालं. पाणी न प्यायल्याने तिच्या लघवीत जंतू झाले, ताप चढला, तिला हॉस्पिटलात नेलं. ती गेल्यावर मधल्या खोलीत, माझ्या बरोबर डोक्यावर, बैठक बसली.

"वृद्धाश्रमात चोवीस तास बायका असतात बघायला," आजोबा म्हणाले. "इथे कोण आहे? हॉस्पिटलातून परस्पर तिकडेच नेऊ. परत इथे आणून पुन्हा हलवायचं म्हणजे तिलाच त्रास."

"ताईला विचारायला हवं," बाबा म्हणाले.

"विचार की. ती काय नाही म्हणणारे?"

बाबा विचारून आले. "हो म्हणाली. म्हणाली, तुम्हालाही जरा मोकळा श्वास घेता येईल."

त्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. त्याच दिवशी आईने मागची खोली रिकामी केली. गादी टाकून दिली, चादरी, पडदे, गोधड्या सगळं धुवायला बाहेर दिलं, भिंती साबणाने पुसल्या. कपाटात आत्याचे चार कपडे राहिले. खोलीला कडी लावली.

आज आठवा दिवस. सकाळी दहाला आत्याला हॉस्पिटलातून सोडणार, अकराला तिथे पोचवायचं, गाडी बाहेर उभी. आजोबांनी नातीला कपड्यांची पिशवी भरायला पाठवलं. तिने कडी काढली आणि उंबऱ्यातच थांबली.

आठ दिवस कोंडलेली मी, भिजलेली, दार उघडताच एकदम तिच्या अंगावर गेले. तिने श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग रिकाम्या पलंगाकडे बघितलं. पिशवी भरली, दाराशी ठेवली, आणि ती जमिनीवर पालथी पडली. पुस्तक न घेता. फटीला नाक लावलं. तिचं नाक माझ्यापासून बोटभर अंतरावर होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य जागी वास घेत होतं.

ती उठली, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. फळी फार भांडली नाही, खिळे केव्हाच गंजले होते. वरून उजेड पडला. मला उजेडाची सवय नव्हती, लाज वाटली. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला, मातीला बोट लावलं, मग तुळईला. तुळईचा तुकडा भिजल्या बिस्किटासारखा तिच्या मुठीत आला.

"बाबा," तिने हाक मारली. "आई. आजोबांना घेऊन या इकडे."

तिघं आली.

"हे काय करून ठेवलंस?" आजोबा म्हणाले.

"आजोबा, जरा वाका."

"मला वाकता येत नाही."

"मग उभ्यानेच वास घ्या. आत्या आठ दिवस इथे नाही. गादी नाही, चादर नाही. मग हा कुणाचा?"

"मुरतो गं वास," आई म्हणाली. "लाकडात मुरतो."

"मुरलेला वास हळूहळू कमी होतो, आई. हा वाढलाय."

बाबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी हात आत घातला. माझ्यावर त्यांची नजर पहिल्यांदाच पडली. पांढऱ्या तंतूंना बोट लागताच त्यांनी हात मागे घेतला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"फळी दबते एवढं माहीत होतं."

"किती वर्षं?"

"असतील पाच-सहा."

"आणि बोलला नाहीत."

"अगं, आजोबांचं ठरलेलं होतं ना ते..."

"ठरलेलं होतंच," आजोबा म्हणाले. "उंदीर मेला तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. झरोके बुजवले आणि पंधरा दिवसांत वास गेला. या डोळ्यांनी बघितलंय मी."

"उंदीर वाळला म्हणून गेला, आजोबा."

एवढंच वाक्य. एवढंच ऐकायला मी बावीस वर्षं कुजत होते. आजोबांची टाच फळीवरून उचलली गेली आणि या वेळी आपटली नाही. त्यांना समजलं. मी खालून त्यांचा चेहरा बघत होते, समजलं होतं. ते कबूल केलं की त्याच्यामागून काय काय कबूल करावं लागेल, तेही समजलं होतं.

"जमिनीचं नंतर बघू," ते म्हणाले. "बोलावू कुणाला तरी. आता ती फळी बसव. अकराची वेळ दिलीये त्यांना. पिशवी आण."

"नाही देणार."

"तिने स्वतः हो म्हटलंय."

"वास आपला आहे असं वाटतंय तिला, म्हणून हो म्हटलंय. तुम्ही सगळ्यांनी तिला तसं वाटू दिलंत. आधी हॉस्पिटलात जा आणि सांगा की तो वास तिचा कधीच नव्हता. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा आजोबा. बाबा, तुम्हीही. आणि मग विचारा, जायचंय का."

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत झाली?"

"आजवर पद्धतीनेच वागलो. म्हणून ती तिथे पडलीय."

आई म्हणाली, "बास कर गं." पण हळू, जणू दुसऱ्या कुणाला सांगत होती.

"शेवटचं विचारतो," आजोबा म्हणाले. "पिशवी देतेस की नाही?"

"नाही. फळी पण बसवणार नाही."

तिने पिशवीतले कपडे काढले आणि एकेक करून कपाटात परत ठेवायला सुरुवात केली. घड्या मोडू न देता.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घराखाली कुठेतरी माझी बहीण असेल. कधीतरी बाहेरून चक्कर मारून बघा, तिच्यासमोर कुंड्या रचल्यात का, तिच्यावर गिलावा चढलाय का. मी स्वतःसाठी काय मागू, मला कळत नाही. माझ्या तुळया आता वाचायच्या नाहीत. झरोके अजून बंदच आहेत. एका फळीएवढ्या तोंडातून मी या तिघांकडे बघतेय आणि त्यांनी बोलावं म्हणून वाट बघतेय, इतकी वर्षं बघितली तशीच.

बाहेर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. आजोबांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे. आईने खाली, माझ्याकडे. अकरा वाजून गेले. कपाटाचं दार लागल्याचा आवाज झाला.